निदानाचा रकाना

२ तारीख, सोमवार

मशीन येऊन दीड महिना झाला आणि त्याच्यावरचं प्लास्टिक आज निघालं. तेसुद्धा मी काढलं म्हणून. मोठे सर, म्हणजे आमच्या रक्तपेढीचे प्रमुख, रोज येऊन दारातून बघून जायचे, नव्या जावयाकडे बघावं तसं.

काम तसं सोपं आहे. पेशंटचं रक्त एका नळीने बाहेर काढायचं, गरगर फिरवून त्यातलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं करून टाकून द्यायचं आणि त्याच्या जागी चांगल्या माणसांचा प्लाझ्मा घालून रक्त परत आत सोडायचं. तीन तास डोळ्यांत तेल घालून बसायचं, बस. दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन मी शिकून आले आहे. अख्ख्या इमारतीत हे मशीन चालवता येणारी मी एकटी.

सर म्हणाले, "या वयात जमेल ना हो?" मी म्हटलं, "सर, सव्वीस वर्षं झाली मला इथे. मशीनला विचारा, त्याला जमेल का माझ्याबरोबर."

शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, वही ठेवा. मी दोन आणल्या. एक ऑफिसची, तिच्यात आकडे. ही माझी, हिच्यात खरं ते. आमचे हे म्हणाले, "म्हणजे आता भांडणांचाही लेखी पुरावा राहणार."

५ तारीख, गुरुवार

आज मी काय धावले आहे! लिहिताना पोटऱ्या दुखतायत, पण दिवस माझा होता.

सकाळी नऊला एका बाईला आणलं. वय चौतीस, ड्रायव्हिंग स्कूल चालवते, बायकांना गाडी शिकवते. तिला अख्खी वस्ती मास्तरीण म्हणते असं तिच्या आईने सांगितलं. चहा पिता पिता फिट आली आणि थांबेचना. पस्तीस मिनिटं. औषधांवर औषधं दिल्यावर थांबली. रक्त तपासलं तर प्लेटलेट नऊ हजार. दीड लाख तरी हव्यात, तिथे नऊ हजार! रक्त गोठवायचं काम प्लेटलेट करतात, त्या इतक्या कमी म्हणजे डोक्यात रक्तस्राव होईल या धास्तीने वॉर्डातल्या चष्मेवाल्या डॉक्टरने आमच्याकडे प्लेटलेट मागितल्या.

फॉर्म घेऊन तिची आईच खिडकीशी आली. साठी ओलांडलेली, बारकुडी बाई. मी तिला मावशी म्हणायला लागले. फॉर्ममध्ये निदानाचा रकाना कोरा. हे डॉक्टर लोक नेहमीचेच. रकाना कोरा असला की आमच्या ड्यूटीवरच्या अधिकारी बाई सही करत नाहीत, वॉर्डात फोन लावतात, तिथे कोणी उचलत नाही, आणि पेशंट तिकडे वाट बघत पडलेला. म्हणून मी आपली लिहून टाकते. गेली कित्येक वर्षं लिहिते. आत्ताच्या दिवसांत प्लेटलेट कमी म्हणजे ताप, दहातले नऊ. लिहिलं, "ताप, डेंग्यू?" पुढे प्रश्नचिन्ह घातलं म्हणजे कोणाचं काही खोटं होत नाही.

मावशी खिडकीतून वाचत होत्या. म्हणाल्या, "ताप नाहीये हो तिला." मी म्हटलं, "मावशी, तो नुसता रकाना आहे. तुम्ही बसा."

आता स्टॉकमध्ये प्लेटलेट नाहीत. सगळ्यांनी हात टेकले. मी माझी रक्तदात्यांची डायरी काढली. आमचा बेकरीवाला, त्याच्या नसा म्हणजे पाण्याचे पाइप. फोन केला, "भट्टी सोड आणि ये." आला बिचारा, कोपरापर्यंत पीठ. जुन्या मशीनवर त्याच्या प्लेटलेट काढल्या, तपासण्या उरकल्या, आणि फोनपासून तीन तास दहा मिनिटांत पिशवी वॉर्डात. मी स्वतः घेऊन गेले. मास्तरीण तेव्हा शुद्धीवर येत होती. डोळे उघडून "आई" म्हणाली. मावशींनी माझे दोन्ही हात धरले.

पिशवी दोनला चढली. साडेतीनला पुन्हा फिट. ही तर पन्नास मिनिटं चालली. शेवटी झोपेचं औषध लावून, घशात नळी घालून मशीनच्या श्वासावर ठेवलंय.

आजारच वाईट, त्याला कोण काय करणार. पण वेळेत पिशवी पोचली नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

६ तारीख, शुक्रवार

सकाळी मेंदूच्या डॉक्टरबाई खाली आल्या. माझ्या मुलीएवढ्या आहेत आणि बोलतात हळू, त्यामुळे सगळ्यांना वाकून ऐकावं लागतं. मास्तरणीच्या रक्ताची काच त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि मला म्हणाल्या, "बघा."

मी बघितलं. लाल पेशी कशा, गोल गरगरीत असतात. इथे तुकडे तुकडे. कप फुटून कपच्या पडाव्यात तशा.

त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. हिच्या रक्तात एक द्रव्य असायला हवं, जे गुठळ्या होऊ देत नाही. हिच्याच शरीराने ते मारून टाकलंय. म्हणून मेंदूतल्या बारीक बारीक नळ्यांत गुठळ्या होतायत, त्यांच्यातून जाताना लाल पेशी फाटतायत, मेंदूला रक्त पोचत नाही म्हणून फिट. प्लेटलेट कमी दिसतात कारण त्या सगळ्या गुठळ्यांत खर्ची पडतायत. लाखात एखाद्याला होणारा आजार. झोपेची औषधं फिट दाबून ठेवतील, पण मूळ काढायचं तर तिचा प्लाझ्मा काढून दुसऱ्यांचा घालायचा, रोज. मग विचारलं, मशीन तयार आहे ना?

मशीन तयार आहे. मीही तयार आहे. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. मी विचारलं, "मग काल दिलेल्या प्लेटलेट?"

त्यांनी काच पुसली, जागेवर ठेवली. म्हणाल्या, "या आजारात शक्यतो देत नाहीत. पेटलेल्या चुलीत लाकूड सारण्यासारखं होतं. पण फिट तशीही आली असती कदाचित. ते कोणालाच सांगता येणार नाही."

कदाचित हा शब्द मी दिवसभर चघळत होते.

दुपारी पहिली बैठक. प्लाझ्माच्या चौदा पिशव्या. बर्फासारख्या गोठलेल्या असतात, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून वितळवायच्या, गरम पाणी झालं की वाया. मानेतली नळी डॉक्टरबाईंनी घातली, बाकी सगळं मी. एकही पिशवी वाया गेली नाही, हे लिहून ठेवते. काढलेला प्लाझ्मा बघवत नव्हता, चहासारखा काळपट. साडेतीन तास लागले.

मावशी काचेपलीकडे उभ्या होत्या. बाहेर आले तर हातात चहाचा कप घेऊन. "तुम्ही दमलात, बाई." मी म्हटलं, कशाला मावशी. पण घेतला. माणसाला कळतं कोण झटतंय ते.

७ तारीख, शनिवार

मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गुरुवारचा फॉर्म निघाला. चष्मेवाल्याला बोलावलं. सरांनी विचारलं, "ताप कुठून आला? पेशंटचा ताप कधी होता?" तो म्हणाला, "सर, मी लिहिलं नाही. मी कोरा सोडला होता." सर म्हणाले, "मग काय भुताने लिहिलं?"

मी तिथेच, फायली लावत होते. फायलीच लावत राहिले.

आता खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. रकाना कोरा राहिला असता तर अधिकारी बाईंनी वॉर्डात फोन केला असता. ताप नाही, जखम नाही, डेंग्यू नाही, मग प्लेटलेट का कमी? हा प्रश्न गुरुवारीच विचारला गेला असता. काच गुरुवारीच लागली असती. तो रकाना त्याचसाठी असतो. सव्वीस वर्षं तो मला अडथळा वाटत होता.

मी का बोलले नाही? मी स्वतःला सांगितलं, बोलले तर मला घरी बसवतील आणि मशीन चालवणारं दुसरं कोणी नाही, पोरगी मरेल. हे खरंच आहे. पण हे खरं फार सोयीचं आहे, हेही मला कळतंय.

दुसरी बैठक. प्लेटलेट चौदा हजार. मावशींनी आज माझ्या बसायच्या स्टुलावर स्वतःची शाल घडी करून ठेवली होती.

८ तारीख, रविवार

सुट्टी होती, गेले. तिसरी बैठक. काढलेला प्लाझ्मा आज नितळ. बावीस हजार.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. पेपर खाली ठेवून पूर्ण ऐकलं, हे अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "त्या चष्मेवाल्याचं लग्न झालंय का?" मी म्हटलं, त्याचा काय संबंध? "नाही, त्याच्या घरी आज कोणी विचारत असेल, जेवत का नाहीस म्हणून."

रागच आला मला ह्यांचा.

९ तारीख, सोमवार

सकाळी आठला सरांच्या केबिनबाहेर उभी. ते यायच्या आत चपराशाने दोनदा विचारलं, बाई बरं नाही का.

सांगितलं. अक्षर माझं, ताप माझा. आणि फक्त हा एक फॉर्म नाही, कित्येक वर्षांचे. सरांनी पेनाचं टोपण काढून परत लावलं. मग म्हणाले, "मशीन चालू ठेवा. मेमो नंतर काढतो. त्या डॉक्टरला मी बोलतो." मी म्हटलं, "त्याला मी बोलते."

तो कँटीनमध्ये होता. मी समोर बसून सांगितलं. मला वाटलं ओरडेल. म्हणाला, "कोरा मीच सोडला होता ना. मला माहीत होतं तुम्ही भरता. सगळे रेसिडेंट डॉक्टर एकमेकांना तेच सांगतात, सोड कोरा, बाई भरतात." असं बोलून डोसकं खाली घालून खायला लागला. म्हणजे माझ्या मदतीने एक अख्खी पिढी बिघडवली मी.

चौथी बैठक. एकेचाळीस हजार. डोक्याला तारा लावून डॉक्टरबाईंनी मेंदूचा आलेख काढला. आतल्या आत फिट चालू नाही. झोपेचं औषध कमी करायला घेतलं.

काम मात्र माझं झक्कास चाललंय, हे कोणी काढून घेऊ शकत नाही. सुरुवातीला अलार्म वाजला की पुस्तक उघडायला लागायचं, आता कुठला अलार्म कशाचा ते आवाजावरून कळतं.

११ तारीख, बुधवार

जागी झाली!

काल नुसते डोळे उघडत होती. आज सकाळी घशातली नळी काढली. दुपारी तिला स्ट्रेचरवरून तपासणीला नेत होते, मी मशीनच्या नळ्या सोडवून बाजूने चालत होते. वळणावर वॉर्डबॉयने स्ट्रेचर भिंतीला घासलं. मास्तरीण फाटक्या आवाजात म्हणाली, "मोठं... मोठं वळण घे." वॉर्डबॉय थबकलाच. डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या, मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज न वाकता ऐकला.

जीव भांड्यात पडला. पण सगळं नीट नाहीये, तेही लिहायला हवं. शब्द अडकतात. समोर चमचा धरला तर "ते... ढवळायचं" म्हणते. डाव्या हाताची पकड ढिली. डॉक्टरबाई म्हणतात सुधारेल, बरंचसं सुधारेल. किती दिवसांत, विचारलं तर खांदे उडवतात. हे पहिल्या पस्तीस मिनिटांचं की दुसऱ्या पन्नास मिनिटांचं, हे मी विचारलं नाही. त्यांना सांगता येणार नाही आणि मला ऐकता येणार नाही.

प्लेटलेट अठ्ठ्याण्णव हजार. मावशींनी संत्रं सोलून, बिया काढून फोडी माझ्यापुढे धरल्या. पोरीला देण्याआधी मला. मला ते गोड लागेना. उद्या सांगायचंच. सरांना सांगितलं, चष्मेवाल्याला सांगितलं, ज्यांना सांगायला हवं त्या दोघी राहिल्यात.

१२ तारीख, गुरुवार

बैठक संपल्यावर मावशींना बाकावर बसवलं. चहाचा कप त्यांच्या हातात होताच. मी सुरुवात केली, "मावशी, त्या दिवशी फॉर्मवर..."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"मी खिडकीतच नव्हते का? ताप नाही म्हणाले होते मी. तुम्ही म्हणालात, नुसता रकाना आहे. मग शुक्रवारी डॉक्टरबाईंनी मला आजार समजावून सांगितला, तेव्हा मी विचारलं, त्या पिशवीने वाईट झालं का. त्या म्हणाल्या, झालं असेल. मग मी दोन आणि दोन चार केले. शाळा कमी झाली म्हणून काय, तेवढं येतं मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? शुक्रवारपासून माझ्याशी इतकं चांगलं..."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, कपाकडे बघत होत्या. "कशी बोलणार, बाई? माझ्या पोरीचं सगळं रक्त रोज तुमच्या हातातून जात होतं. तुमचं मन मोडलं, तुम्हाला राग आला, आणि एखादी नळी लावायची राहिली, तर मी कोणाकडे जाणार होते?"

"म्हणून चहा?"

"म्हणून चहा."

"आणि ती शाल?"

"तेच."

सहा दिवस ते सगळं मी मिरवलं. ह्या वहीतच लिहिलंय, माणसाला कळतं कोण झटतंय. मावशी मला भीत होत्या. एका बाजूने पोरीसाठी जीव टांगणीला आणि दुसऱ्या बाजूने मला खूश ठेवायची, आणि मी आपली फोडी खात होते.

मी म्हटलं, "मी चुकले. तुमचं ऐकायला हवं होतं, तुम्ही सांगत होतात. अजून दोन-तीन बैठका लागतील. माझ्याकडून नको वाटत असेल तर जिथे मी शिकले तिथून दुसरा माणूस मागवता येतो. मी सरांशी बोलून ठेवते. तुम्हाला त्याचं काही भोगावं लागणार नाही, हा माझा शब्द."

त्या म्हणाल्या, "पोरीला विचारून सांगते." आणि कप घेऊन उठल्या. आज मला चहा दिला नाही.

घरी आल्यावर भाजी चिरताना रडू आलं. ह्यांनी कांदा माझ्यासमोरून उचलून स्वतः चिरायला घेतला.

१३ तारीख, शुक्रवार

सकाळी आधी मास्तरणीकडे गेले. आईने तिला सांगितलेलं होतं. उशीला टेकून बसली होती, डाव्या हातात मऊ चेंडू, दाबायचा व्यायाम. मी सगळं पुन्हा माझ्या तोंडाने सांगितलं. शब्द शोधत शोधत, डोळे मिटून, थांबत थांबत ती बोलली. मला मधे तिचा शब्द पुरवायचा मोह होत होता, तो आवरला.

"माझ्याकडे... एकदा गाडी ठोकून आलेल्या बायका येतात. त्यांना मी घेते. आपलं चुकतच नाही म्हणणाऱ्या येतात, त्यांची... त्यांची मला..."

मी थांबले.

"भीती वाटते," ती म्हणाली. मग म्हणाली, "गाडी कधी?"

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, वर्षभर नाही, शेजारच्या सीटवर बसून शिकवायचंसुद्धा नाही. मी तसंच सांगितलं. मला वाटलं रडेल. तिने चेंडू भिंतीवर मारला. डाव्या हाताने मारला, हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

"वर्ष म्हणजे फार होतं हो," ती म्हणाली.

"होतं," मी म्हटलं.

"मशीन लावा तुम्हीच," ती म्हणाली.

रक्तपेढीत आज तीन फॉर्म कोरे आले, तिन्ही परत पाठवले. वरच्या मजल्यावर माझ्या नावाने बोंब आहे म्हणे. मेमोही आला, फाइलला लावला.

दुपारी आठवी बैठक. दर वेळी मावशी काचेपलीकडे हात जोडून उभ्या असायच्या. आज डॉक्टरबाईंना विचारून, हात धुऊन, अंगावर तो हिरवा गाऊन चढवून आत आल्या. स्टूल ओढून पोरीच्या उशाशी बसल्या. शाल त्यांच्याच खांद्यावर होती. मला नमस्कार नाही, "दमलात का" नाही. पहिल्या पिशवीपासून प्रत्येक पिशवीवरचं लेबल मला वाचून दाखवायला लावलं आणि स्वतः बोटांवर मोजलं. ही कोणती? ही कशाला? हा दिवा लाल का झाला? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. एकाचं मला नक्की सांगता येईना, तेव्हा पुस्तक काढून बघून सांगितलं.

सातव्या पिशवीला मी वाकून नळीचा चिमटा, म्हणजे क्लँप, बघत होते, तर एकदम कडाडल्या. "अहो बाई, नळी वर धरा. मान ओढली जातेय तिची. लक्ष कुठे आहे तुमचं?"

नर्स दचकून माझ्याकडे बघायला लागली. गेल्या सव्वीस वर्षांत माझ्यावर असं कोणी ओरडलं असतं तर मी त्याला सरळ केलं असतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मी नळी वर धरली. म्हटलं, "अशी?"

"अजून थोडी," मावशी म्हणाल्या. "हां. आता तशीच धरून ठेवा."